धावणाऱ्या मुलींचे आतले वस्त्र : निवड आणि पारख

पहाटेचा अंधार पुरता ओसरलेला नसतो, तोच वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर मुलींच्या धावण्याला प्रारंभ होतो. कुणी पोलीस भरतीची तयारी करीत असते, कुणी कबड्डीच्या संघातील असते, तर कुणी केवळ प्रकृतीसाठी धावते. पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत महिला उमेदवारांना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशा तीन कसोट्या द्याव्या लागतात. या चाचणीस एकूण ५० गुण असतात. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील अनेक मुलींचे भवितव्य या ८०० मीटरांत काही सेकंदांवर येऊन ठेपते.

या तयारीत आहार, बूट, धावण्याची पद्धत यांविषयी पुष्कळ बोलले जाते. तथापि एका विषयावर मौनच असते. धावताना छातीला आधार देणारे वस्त्र कसे असावे, हा तो विषय होय. मुली त्याबद्दल प्रशिक्षकाशी बोलत नाहीत. आईशी बोलण्यासही संकोचतात. परिणामी कुणी दोन अंतर्वस्त्रे एकावर एक घालते, कुणी ओढणी आवळून बांधते, कुणी खांदे पुढे झुकवून धावते आणि कुणी वेदना व संकोच असह्य होऊन मैदानावर येणेच सोडते. वस्तुतः हा लज्जेचा नसून शरीरशास्त्राचा, कापडाचा आणि शिवणीचा प्रश्न आहे. त्याची उत्तरे उपलब्ध आहेत आणि बाजारात मिळणारे वस्त्र चांगले की वाईट, याची पारख घरच्या घरी करता येते.

आधार का लागतो?

स्तनांमध्ये स्नायू नसतात. दूधग्रंथी, मेद आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू यांचे ते बनलेले असतात. छातीचा मोठा स्नायू त्यांच्या मागे असतो; परंतु तो त्यांना उचलून धरीत नाही. आधाराचे काम मुख्यत्वे त्वचा आणि आतील बारीक तंतुबंध करतात. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या तंतुबंधांचे वर्णन केले. म्हणून आजही ते त्याच्या नावाने ओळखले जातात. हा नैसर्गिक आधार दैनंदिन हालचालींस पुरेसा असला, तरी धावण्याच्या वेळी अपुरा पडतो.

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीर वर उचलले जाते आणि खाली येते. धड थांबून पुन्हा वर निघते, त्या क्षणी छाती मात्र अद्याप खाली जात असते. या मागेपुढे होण्यामुळे त्वचेवर व तंतुबंधांवर ताण पडतो. ही हालचाल केवळ वर-खाली होत नाही. ती डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागेही होते. एका पावलाचे अंतर सव्वा मीटर धरले, तर ८०० मीटरांत ६४० पावले पडतात. म्हणजे एका धावेत हा ताण ६४० वेळा बसतो. त्यातून वेदना उद्भवल्यास नवल नाही. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधील स्त्री धावपटूंच्या पाहणीत सुमारे ३२ टक्के स्त्रियांनी स्तनांत वेदना होत असल्याचे सांगितले होते.

शाळकरी मुलींची स्थिती याहून बोलकी आहे. इंग्लंडमधील पोर्टस्मथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ ते १८ वर्षे वयाच्या २,०८९ विद्यार्थिनींची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी ४६ टक्के मुलींनी शाळेतील खेळांत भाग घेण्यावर या कारणाचा काही ना काही परिणाम होतो, असे नमूद केले. निम्म्याहून अधिक मुलींनी व्यायामाचे खास वस्त्र कधीच वापरले नव्हते. ज्या देशात असे वस्त्र कोणत्याही दुकानात मिळते तेथे ही अवस्था असेल, तर आठवडी बाजारावर अवलंबून असणाऱ्या गावांतील मुलींची अडचण किती मोठी असेल, याची कल्पना करता येईल.

चोळीपासून स्पोर्ट्स ब्रापर्यंत

छातीला बेताचा आधार देण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. खणाची, पुढे गाठ मारण्याची चोळी अंगाबरोबर बसे. कापडाचे तुकडे उभे, आडवे व उरेब असे जोडून तिला आकार दिला जाई. शेतात वाकून काम करणाऱ्या, डोक्यावर भार वाहणाऱ्या स्त्रीला तिचा उपयोग होई. आजच्या शिंपीकामातील कटोरी ब्लाउज हाही त्याच विचाराचा पुढील टप्पा होय. परंतु ही सारी वस्त्रे चालण्या-वाकण्यासाठी होती, धावण्यासाठी नव्हती.

धावण्यासाठी स्वतंत्र वस्त्र तयार झाले ते १९७७ मध्ये, अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात. लिसा लिंडाल या धावणाऱ्या तरुणीने नाट्यवेषभूषा करणाऱ्या पॉली स्मिथ आणि त्यांच्या सहकारी हिंडा श्राइबर यांच्या साहाय्याने ते तयार केले. पुरुष खेळाडूंचे जॉकस्ट्रॅप नावाचे दोन आधारपट्टे एकत्र शिवून त्यांनी पहिला नमुना बनविला. पाठीवर एकमेकांस छेदणारे पट्टे, त्वचेला न टोचणारी बाहेरच्या बाजूची शिवण आणि अंगाबरोबर बसणारे लवचीक कापड ही त्याची वैशिष्ट्ये होती. १९७९ मध्ये त्याला अमेरिकेचे एकस्व मिळाले. या वस्त्राची चाचणी त्यांनी ज्या पद्धतीने घेतली ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लिंडाल नमुना घालून धावत आणि श्राइबर त्यांच्यासमोर उलट्या पावली धावत जाऊन हालचाल किती होते ते पाहत. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. एक धावणारी आणि एक पाहणारी एवढ्यावर चाचणी झाली.

प्रयोगशाळेत काय मोजतात?

आज ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील विद्यापीठांत या विषयाच्या प्रयोगशाळा आहेत. तेथे धावपटूच्या धडावर आणि छातीवर बारीक खुणा चिकटवून तिला धावपट्टीच्या यंत्रावर पळविले जाते. सभोवार ठेवलेले कॅमेरे या खुणांच्या जागा टिपून घेतात. धड स्वतः किती हलले ते वजा करून छाती धडाच्या तुलनेत किती हलली, हे तीनही दिशांनी काढले जाते. त्याच वेळी धावणाऱ्या स्त्रीला त्रास किती झाला, हे शून्य ते दहा या मापावर सांगावयास लावतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना.

यातील मर्म असे की, केवळ हालचाल कमी होणे पुरेसे नाही. छाती आवळून टाकणारे वस्त्र हालचाल थांबवील. पण श्वासही अडवील. म्हणून आधार आणि आराम या दोहोंचे माप घ्यावे लागते. घरगुती चाचणीतही हेच तत्त्व पाळावयास हवे.

वस्त्राचे प्रकार

बाजारात मिळणारी व्यायामाची अंतर्वस्त्रे सामान्यतः तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात संपूर्ण छाती लवचीक कापडाने सपाट दाबून धरली जाते. त्याला वेगळ्या कटोऱ्या नसतात. लहान बांध्याच्या मुलींना हा प्रकार बहुधा पुरतो. दुसऱ्या प्रकारात दोन स्वतंत्र कटोऱ्या असतात व प्रत्येक बाजूस वेगळा आधार मिळतो. तिसऱ्या प्रकारात कटोऱ्याही असतात आणि वरून दाबही असतो. भरलेल्या बांध्याच्या स्त्रियांना धावण्यासाठी तो अधिक उपयुक्त ठरतो.

कोणत्याही प्रकारात आधाराचा मुख्य भार छातीखालच्या पट्ट्याने घ्यावयाचा असतो, खांद्यावरील पट्ट्यांनी नव्हे. खालचा पट्टा सैल असला की सर्व ओझे खांद्यांवर येते, तेथे वळ उठतात आणि मान व पाठ दुखू लागते. अनेक मुली खांद्याचे पट्टे आवळत जातात. दोष मात्र खालच्या पट्ट्यात असतो.

कापडाचा विचार

वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकापासून व्यापारात प्रसिद्ध आहे. सेवाग्राम व मगनवाडी यांनी खादीचा विचार देशभर नेला. तेव्हा हे वस्त्र सुती असावे की कृत्रिम धाग्याचे, हा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो.

सुती कापड घाम चांगला शोषते. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. दिवसभराच्या वापरासाठी कापसाचा हा गुण सुखावह आहे. परंतु तासभर धावल्यावर तोच गुण अडचणीचा ठरतो. शोषलेला घाम कापडातच राहतो, वस्त्र जड होते, लवकर वाळत नाही आणि ओले कापड त्वचेवर घासून सालपटे निघतात. पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या विणीचे कापड घाम पृष्ठभागावर पसरू देते, त्यामुळे ते लवकर वाळते. मात्र दाट विणीचे, हवा न खेळणारे कृत्रिम कापड विदर्भाच्या उन्हाळ्यात घामोळ्यांना आमंत्रण देते.

दुसरा मुद्दा लवचिकतेचा. मागावर ताण्या-बाण्याने विणलेले कापड, मग ते खादीचे असो वा गिरणीचे, सरळ दिशेने फारसे ताणले जात नाही. उरेब दिशेनेच थोडे सैल देते. होजिअरीचे कापड मात्र धाग्याच्या फासांनी गुंफलेले असल्यामुळे ताणते आणि पुन्हा पूर्ववत होते. त्यात इलास्टेनचा धागा थोड्या प्रमाणात मिसळला, तर ही शक्ती वाढते. हा धागा १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने विकसित केला. तात्पर्य, वरून घालावयाचा सैल कुर्ता सुती वा खादीचा असणे उत्तम. आतील आधाराचे वस्त्र मात्र लवचीक होजिअरीचेच हवे. हळू चालणे, योगासने यांसाठी सुताचे प्रमाण अधिक असलेले होजिअरी कापड चालेल. लांब धावण्यासाठी लवकर वाळणारे मिश्र कापड पत्करावे.

माप कसे घ्यावे?

शिंप्याची फीत घेऊन दोन मापे घ्यावीत. पहिले छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, फीत जमिनीला समांतर ठेवून. दुसरे छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावर, फीत न आवळता. पहिल्या मापावरून पट्ट्याचा आकडा ठरतो. दोन मापांतील अंतरावरून कटोरीचे अक्षर ठरते. अंतर जितके अधिक तितकी कटोरी मोठी. प्रत्येक उत्पादकाचे कोष्टक थोडे निराळे असते, म्हणून वेष्टणावरील कोष्टकाशी ताडून पाहावे. वाढत्या वयाच्या मुलींचे माप काही महिन्यांत बदलते; गर्भारपणात व अंगावर पाजत असतानाही ते बदलते. सबब दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर विसंबून खरेदी करू नये.

घरच्या घरी पाच कसोट्या

पहिली कसोटी बसण्याची. वस्त्र घालून आरशासमोर उभे राहावे. खालचा पट्टा पुढून-मागून एका पातळीत असावा. त्याखाली दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. दोन्ही हात वर केल्यावर पट्टा वर सरकता कामा नये. खांद्यावरील पट्टे वेगळे खाली उतरविता येत असतील, तर ते क्षणभर उतरवून पाहावेत. खालचा पट्टा जागेवर राहिला तर तो योग्य आहे. कटोरीत सुरकुत्या पडत असतील तर ती मोठी आणि कडेने भाग बाहेर येत असेल तर ती लहान समजावी.

दुसरी कसोटी श्वासाची. दहा वेळा खोल श्वास घ्यावा. बरगड्यांना अडथळा जाणवल्यास ते वस्त्र कितीही घट्ट आधार देत असले, तरी धावण्यास निरुपयोगी होय. दोन वस्त्रे एकावर एक घालण्याची सवय याच कसोटीत बहुधा नापास होते.

तिसरी कसोटी धावेची. प्रथम जागेवर तीस उड्या माराव्यात. नंतर ४०० मीटर संथ आणि २०० मीटर वेगाने धावावे. मैत्रिणीने समोरून व बाजूने पाहावे. धाव संपताच त्रासाचा आकडा शून्य ते दहा या मापावर वहीत लिहावा. आधाराचा, घासण्याचा आणि श्वासाचा आकडा निरनिराळा असावा. जुने व नवे वस्त्र यांची तुलना करावयाची तर पहिल्या दिवशी आधी जुने व मग नवे, आणि दुसऱ्या दिवशी आधी नवे व मग जुने घालावे. कारण दुसऱ्या धावेस थकवा आलेला असतो आणि त्याचा दोष निष्कारण वस्त्राच्या माथी येतो. मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत अनेकींना स्तन दुखरे जाणवतात. म्हणून एका वस्त्राची चाचणी त्या दिवसांत आणि दुसऱ्याची अन्य दिवसांत घेऊ नये.

चौथी कसोटी त्वचेची. धावून आल्यावर वस्त्र काढून खांदे, काखेची बाजू आणि छातीखालचा भाग पाहावा. थोड्या वेळात नाहीसा होणारा फिकट ठसा चालेल. लाली, फोड किंवा सालपट दिसल्यास शिवण कोठे लागते ते शोधावे. हूक, चाप, जाड शिवण व कापडी चिठ्ठी हे बहुधा त्याचे कारण असते.

पाचवी कसोटी टिकाऊपणाची. नवीन वस्त्राचा खालचा पट्टा सपाट ठेवून पट्टीने मोजावा आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. दहा धुण्यांनंतर पुन्हा मोजावा. पट्टा सैलावून वाढला असेल, तर त्याची आधार देण्याची शक्ती कमी झाली आहे. किंमत अधिक म्हणून वस्त्र टिकाऊ, असे गृहीत धरू नये. वहीतील आकडेच खरे सांगतात.

निगा आणि एक जुनी सवय

हे वस्त्र प्रत्येक व्यायामानंतर धुवावे. साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवावे. पिळून मुरगाळू नये आणि गरम इस्त्री करू नये. उष्णतेने इलास्टिक लवकर निकामी होते.

आपल्याकडे स्त्रियांची अंतर्वस्त्रे दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालण्याची चाल आहे. त्यामुळे ती अर्धवट ओली राहतात आणि दुसऱ्या दिवशी तशीच अंगावर चढविली जातात. ओलसर कापड, घाम आणि उष्मा एकत्र आले म्हणजे छातीखालच्या घडीत खाज व नायट्यासारखे बुरशीचे विकार जडतात. हवेशीर जागी, उघड्यावर पूर्ण वाळविणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे. निदान दोन वस्त्रे असावीत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरे वापरता येते.

गैरसमज

अशा वस्त्रामुळे कर्करोग होतो, ही समजूत निराधार आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या बाबतीत या दोहोंचा संबंध आढळला नाही. धावण्याने मुलींच्या शरीराची हानी होते, हाही समज खरा नाही. मात्र व्यायामाशी संबंध नसलेली, एकाच जागी राहणारी वेदना, गाठ, त्वचेवरील खळी किंवा स्तनाग्रातून होणारा स्राव यांपैकी काही आढळल्यास वस्त्र बदलून स्वस्थ बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. पुढील उपचारांसाठी जिल्ह्यात सामान्य रुग्णालय आहे, तसेच १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालयही आहे.

करण्यासारखे काही

हा प्रश्न सोडविण्यास मोठी योजना लागत नाही. शाळेतील एखाद्या शिक्षिकेने वर्षातून एकदा मुलींना एकत्र बसवून ही माहिती सांगितली, शिंप्याची एक फीत आणि बंद खोली उपलब्ध करून दिली, तरी पुष्कळ काम होईल. प्रशिक्षक पुरुष असेल तर मुलींशी बोलण्यासाठी त्याने एखाद्या महिला खेळाडूचे साहाय्य घ्यावे. दुकानदारांनी अशा वस्त्रांची विक्री स्त्रियांच्या हाती सोपवावी आणि माप घेण्यासाठी आडोसा ठेवावा. शिवणकाम करणाऱ्या बचत गटांनी कटोरीच्या शिवणीचे आपले ज्ञान होजिअरी कापडाकडे वळविल्यास गावातच हे वस्त्र तयार होऊ शकेल. त्यांनी शिवलेला प्रत्येक नवा नमुना गावातील धावणाऱ्या मुलींनी वरील पाच कसोट्यांवर तपासावा आणि आकडे शिवणाऱ्या बाईंना परत सांगावेत. पहिल्या नमुन्यात दोष राहिले तर दुसरा त्याहून चांगला होईल. व्हर्मांटमधील त्या तिघींचे कामही असेच पुढे गेले.

८०० मीटरांची शर्यत अखेर मुलीच्या पायांनी आणि श्वासाने जिंकावयाची असते, वस्त्राने नव्हे. परंतु जी मुलगी खांदे झुकवून, ओढणी सावरीत आणि वेदना गिळून धावते, तिची निम्मी शक्ती धावण्याबाहेर खर्च होते. योग्य मापाचे एक वस्त्र ती शक्ती तिला परत देते. त्यासाठी लागते ती एक फीत, एक वही आणि हा विषय मोकळेपणाने बोलणारे घरातले एखादे वडीलधारे माणूस.